काहूनचा तास

नागपूर समुद्रापासून दूर आहे, हे मी नोकरीची सगळी वर्षं शिकवलं. त्यात शिकवण्यासारखं फार काही नाही. पण भूगोलाच्या पेपरात ‘भौगोलिक कारणे लिहा’ असा एक प्रश्न असतो आणि ‘नागपूरचे हवामान विषम आहे’ हे विधान त्यात हमखास येतं. त्याचं उत्तर आमच्या वर्गाच्या भिंतींनाही पाठ असावं. कारणे लिहा म्हटलं की मुलं कारणे लिहीत. लिहून झालं की पुढचा प्रश्न.

एकदा सातवीतल्या एका मुलाला मी सहज विचारलं, “काल तू शाळेत का आला नाहीस?” तो उभा राहिला, हात मागे बांधले, आणि ‘का’ हा शब्द कानावर पडताच सवयीनं सुरू झाला, “कारण नागपूर समुद्रापासून...” वर्गात हशा पिकला. तोही हसला. मलाही हसू आवरेना, आणि त्या हसण्यात माझी वर्गातली भाषा सुटली. घरी बोलते तसं मी म्हटलं, “अरे, पण आला काहून नाही काल?”

मुलाचे हात मागून पुढे आले. “मॅडम, आईची नाइट होती. सकाळी ती झोपली अन् लहानी बहीण रडून राहिली होती.” मग थोडा थांबला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “पण तरी येता आलं असतं. बहीण नंतर झोपली होती. मले कंटाळा आला होता.”

एकाच माणसानं आधी एक कारण द्यावं, ते तपासावं आणि खोडून दुसरं द्यावं, हे त्या वर्गात मी पहिल्यांदाच पाहिलं. ‘का’ला पाठ केलेलं उत्तर येत होतं. ‘काहून’ला खरं येत होतं. मी नागपूरचीच. घरात आम्ही काहूनच म्हणतो. पण डी.एड.ला असताना आमच्या तोंडून ‘मले’, ‘तुले’ आणि ‘काहून’ इतक्या चिकाटीनं काढून टाकले होते, की वर्गाच्या दारात मी चपलांसारखी बोलीही बाहेर काढून ठेवत असे.

शाळा वर्धा रोडवर होती, जिथे शहर संपलं असं वाटतं आणि मग ते पुन्हा सुरू होतं तिथे. बरीचशी मुलं बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची. कोणी विदर्भातल्या गावांतून आलेले, कोणी थेट छत्तीसगड, बिहारहून. आईवडिलांच्या शिफ्ट मुलांना तोंडपाठ असत, पाढ्यांपेक्षा पक्क्या.

त्याच सुमारास वरून परिपत्रक आलं की विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक विचारकौशल्ये विकसित करावीत. त्यासाठी आमचं एक प्रशिक्षण झालं. दीपप्रज्वलन झालं, पुष्पगुच्छ झाले, प्रमुख पाहुण्यांचा परिचय झाला. तो परिचय ऐकताना पाहुणे स्वतःही थोडे चकित दिसत होते. मुलांना प्रश्न विचारू द्या, या विषयावर ते दुपारच्या जेवणापर्यंत बोलले. जेवणानंतरचं प्रश्नोत्तरांचं सत्र वेळेअभावी रद्द झालं. जाताना सगळ्यांना एकेक फाइल आणि पेन मिळालं. पेन चांगलं होतं, बरेच दिवस चाललं.

आमच्या मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात शनिवारच्या शेवटच्या चौकोनात ‘विचारकौशल्य तासिका’ लिहिलं आणि खाली माझ्या नावाचं आद्याक्षर टाकलं. आधी त्या चौकोनात पीटी होती. मुलांची पीटी गेली म्हणून सातवी माझ्यावर पहिल्या दिवशी नाराज होती. मला त्यांचं म्हणणं पटत होतं.

खेळ काढून घेतला तर दुसरा द्यायला हवा. मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. कूलर खिडकीबाहेर लावावा की खोलीत ठेवावा? नागपुरात या प्रश्नावर घराघरात मतं असतात आणि ती एप्रिलमध्ये जास्त तापतात. बाहेर म्हणणाऱ्यांनी खिडकीकडच्या बाकांवर जायचं, आत म्हणणाऱ्यांनी भिंतीकडच्या. मग बोलायचं. ज्याचं मत बोलता बोलता बदलेल त्यानं उठून पलीकडे जाऊन बसायचं.

सुरुवातीला भिंतीकडे गर्दी होती, कारण भाड्याच्या खोलीत घरमालक खिडकीला हात लावू देत नाही. मग एक मुलगी म्हणाली, “आत ठेवला तर तो आतलीच हवा ओढते अन् तीच पुन्हा ओली करते. दोन घंट्यानं गादीसुद्धा चिकचिक होते. बाहेरची कोरडी हवा आली पाहिजे ना.” एक जण उठला, दप्तर उचललं आणि खिडकीकडे निघाला. भिंतीकडचे ओरडले, “पलटी मारली बे! पलटी मारली!”

राजकारणात हा शब्द शिवीसारखा वापरतात हे मुलांनाही माहीत होतं. मी म्हटलं, इथे पलटी मारणं हा मान आहे. फक्त कोणामुळे मारली ते सांगून जायचं. तो मुलगा त्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाला, “हिच्यामुळे. आमची गादी खरंच चिकचिक होते.”

तास असा सुरू झाला. नियम मी केले नाहीत, ते शनिवारी शनिवारी तयार होत गेले. ‘माझे बाबा म्हणतात’ हे कारण धरायचं नाही, आणि ‘मॅडम म्हणतात’ हेही नाही. हा दुसरा नियम मुलांनीच आग्रहानं जोडला. विचार करणाऱ्याला वेळ द्यायचा, तोवर हसायचं नाही. आणि कारण सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगता आलं पाहिजे. मनातल्या मनात ठेवलेलं कारण चालत नाही. वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असो, मुलं त्याला ‘काहूनचा तास’ म्हणत. मुख्याध्यापकांनी एकदा मला बोलावून सुचवलं की परिपत्रकात ‘का’ आहे, तर आपण ‘का’चा तास म्हणावं. मी म्हटलं, सुचवून पाहते.

माझ्या निवृत्तीनंतर त्या चौकोनात गणिताचा जादा तास गेला, असं ऐकलं. मला त्याबद्दल तक्रार नाही, गणितालाही कुठेतरी राहायला जागा लागते. पण अजून शनिवारी अकराच्या सुमारास, मी भाजी निवडत असले तरी, बाक सरकल्याचा तो खरखर आवाज मला हवासा वाटतो. दप्तरं घेऊन या बाजूहून त्या बाजूला जाणारी मुलांची ती वरात. एवढ्या सहजपणे आपलं चुकलं म्हणणारी माणसं मी नंतर एका जागी पाहिली नाहीत, आणि मी बरीच चर्चासत्रं पाहिली आहेत.

त्या वर्गात एक मुलगी होती, कूलरवाली नव्हे, दुसरी. कुहीकडच्या गावची. तिकडे त्यांचं थोडं धानाचं शेत होतं, ते काका पाहत. आई-वडील दोघंही बुटीबोरीला. ती फार बोलत नसे, पण समोरच्याचं कारण कच्चं असलं की तिच्या कपाळावर आठी पडे, आणि ती पडली की बोलणारा आपोआप अडखळे. फेब्रुवारीत तिनं मला सांगितलं, “मॅडम, बाबा म्हणतात आठवी गावी कर. काकाकडे राहा. मले नाही जायचं.” मी विचारलं, “त्यांना सांगितलंस?” म्हणाली, “सांगितलं. ते म्हणाले, ठरलं.”

तासाला वेगवेगळे प्रश्न मुलंच आणत. मार्चमधल्या एका शनिवारी तिनं आपला आणला. ‘घरी कोणी नसेल तर मुलीनं एकटीनं घरी राहावं, की गावी नातेवाइकांकडे जावं?’ प्रश्न कोणाचा आहे हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. कोणी तसं म्हटलं नाही. बारा वर्षांच्या मुलांकडे जी सभ्यता असते ती पुढे कुठे जाते, मला माहीत नाही.

नेमके त्याच शनिवारी तिचे वडील आले. मधल्या सुट्टीनंतर व्हरांड्यात उभे, हातात हेल्मेट.

“तुम्हीच का काहूनवाल्या मॅडम?”

“मीच.”

“माह्या पोरीले काय शिकवून राहिल्या तुम्ही?” आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “मी म्हटलं पाणी दे, तर देते. त्याच्यात खोट नाही. पण मी म्हटलं, आठवी गावी करजो, तर म्हणते काहून. मी कारण सांगितलं. तर म्हणते, बाबा, हे कारण नाही, ही भीती आहे. आता मले सांगा, बापाले भीती वाटू नये काय?”

“वाटावी.”

“मग?”

“मग काही नाही. भीतीसुद्धा कारण असू शकते. कशाची, ते सांगावं लागतं.”

“तेच तर सांगून राहिलो ना मी!”

मी म्हटलं, “आता तोच तास आहे. आणि आजचा प्रश्न तिनंच आणलाय. तुम्हाला नको असेल तर दुसरा घेते.” त्यांनी दारातून फळा वाचला. मग मुलीकडे पाहिलं. मुलगी फळ्याकडे पाहत होती.

“नाही,” ते म्हणाले. “होऊ द्या. पाहतो मी.”

“मग बाजू घ्यावी लागेल.”

ते भिंतीकडे, म्हणजे ‘गावी जावं’कडे, जाऊन बसले. मुलांच्या बाकात त्यांचे गुडघे छातीशी आले. हेल्मेट मांडीवर. त्यांच्या बाजूला आणखी दोघंच होते, आणि ते दोघं कुठल्याही प्रश्नावर कमी लोकांच्या बाजूला बसत. बाकी सगळा वर्ग मैत्रीखातर खिडकीकडे.

खिडकीकडच्या एकानं सुरुवात केली, “मॅडम, एकटं राहिलं की सवय होते. मोठं झाल्यावर होस्टेलात कामी येते.” दुसरा म्हणाला, “अन् टीव्हीचा रिमोट आपल्याच हातात राहते.”

मुलगी वळली. “तू चूप बस बे. तू माह्या बाजूनं आहेस का बाबाच्या? हे कारण ऐकलं तर ते आजच माही बॅग भरतील.”

सगळे हसले, वडीलही किंचित. मग ते बोलू लागले. उभं राहायचा प्रयत्न केला, पण बाकानं उठू दिलं नाही, म्हणून बसूनच. “गावी काका आहे, काकू आहे. आजूबाजूले माणसं आहेत. इथं आम्ही दोघं सकाळी निघतो. शाळा बाराले सुटते. बारापासून सहापर्यंत पोरगी खोलीत एकटी. वस्तीत कोण येते, कोण जाते, आम्हालेच माहीत नाही. तिथं मशीनवर उभा असतो मी, पण डोकं इथं राहते.”

रिमोटवाला मुलगा उठला. दप्तर घेतलं आणि भिंतीकडे आला. “पलटी,” म्हणाला. “काकाजींमुळे.” मागोमाग आणखी काही जण आले. आपल्या बोलण्यानं कोणी जागा बदलतं, हा अनुभव वडिलांना कारखान्यात येत नसावा. ते जरा ताठ बसले, बाकानं जेवढं बसू दिलं तेवढं. मुलगी मात्र जागची हलली नाही. कपाळावर आठी होती, पण ती त्यांच्यासाठी नव्हती. त्यांचं कारण पक्कं होतं आणि ते तिलाही कळत होतं.

तेव्हा तिची मैत्रीण बोलली. शेजारी बसणारी, दोन वेण्यांची, कायम बोटांना शाई लागलेली. “मॅडम, प्रश्नच चुकला.”

“कसा?”

“एकटी नाही तर गाव, असे दोनच काहून? आमच्या घरी येऊ शकते ना ती. एक गल्ली सोडून तर आहे. माही आई दिवसभर घरीच राहते, शिलाई करते. आम्ही दोघी अभ्यास करू. सहाले तिची आई आली की जाईल.”

आणि ती उठून दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. तिथे तोवर कोणी उभं राहिलं नव्हतं. ती माझी येण्याजाण्याची वाट होती. दोनच बाजू असतात असं मीच ठरवून टाकलं होतं, आणि प्रशिक्षणाच्या फाइलीतही दोनच बाजू होत्या. मुलगी उठून मैत्रिणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“नाही नाही,” वडील म्हणाले. “दुसऱ्याच्या घरी नाही.”

“काहून, बाबा?”

“नाही म्हटलं ना.”

“पण काहून?”

कारण मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. मैत्रिणीचं घर बौद्ध होतं. तिचे पणजोबा छप्पन्न साली दीक्षा घ्यायला गावाहून पायी नागपूरला आले होते, हे तिनं एकदा वर्गात अभिमानानं सांगितलं होतं. गाव कुहीकडचंच. या वडिलांच्या गावापासून फार लांब नसणार. कारखान्याच्या कँटीनमध्ये ते कोणाही शेजारी बसून जेवत असतील, त्यात शंका नाही. पण मुलगी रोज दुपारी कोणाच्या चुलीवरचं खाईल, हा प्रश्न गावाकडच्या ओसरीवर विचारला जाणार होता, आणि तो त्यांना आधीच ऐकू येत होता.

त्यांनी तोंड उघडलं. “कारण...” म्हणाले. मैत्रीण त्यांच्याकडे पाहत उभी होती. रागानं नाही. तिला खरंच ऐकायचं होतं. कारण ऐकायचं आणि पटलं तर जागा बदलायची, असंच तिला त्या तासात शिकवलं होतं. ते तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. हसायचं नाही, हा नियम सगळे पाळत होते. शेवटी रिमोटवाला मुलगा त्यांच्या शेजारून अगदी मनापासून म्हणाला, “वेळ लागला तरी चालते, काकाजी. इथं घाई नाही करत.”

त्यांना कोणी चार शब्द सुनावले असते तर ते सोपं गेलं असतं. ते बाकातून कसेबसे बाहेर आले. “घरी पाहू,” म्हणाले, मला नमस्कार केला आणि गेले. थोड्या वेळानं मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मुख्याध्यापकांनी दुपारी विचारलं, “पालक कशासाठी आले होते?”

“तास पाहायला.”

“अरे वा! मग फोटो काढला का?”

परीक्षा झाली, निकाल लागला, मुलगी दर वर्षीसारखी सुट्टीत गावी गेली. टीसी काढायला कोणी आलं की मी ऑफिसच्या खिडकीत उगाच डोकावून जाई. क्लार्कला वाटलं मला त्याच्या कामावर शंका आहे, आणि तो माझ्याशी काही दिवस फार औपचारिक वागला. तिची टीसी कोणी मागितली नाही. पण जूनअखेर शाळा उघडल्यावरही मुलाला गावच्या शाळेत बसवून टीसी मागाहून नेणारे पालक असतात, हेही मला माहीत होतं.

शाळा उघडली त्या दिवशी ती आली. दोघी मिळून आल्या, उशिरा, आणि उशीर का झाला ते मी विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात गाठलं.

“जमलं?”

“जमलं, मॅडम. बाबा म्हणाले, बसजो तिथं सहापर्यंत. पण डब्बा आपल्या घरचा नेजो. तिथलं नाही खायचं.”

हवामान सांगावं तसं तिनं सांगितलं. मी म्हटलं, “तू विचारलं नाहीस, काहून म्हणून?”

“विचारलं ना. ते म्हणाले, एवढं तरी राहू दे.”

“मग?”

“मग मी राहू दिलं.”

मला काळजी होती ती त्या दुसऱ्या घराची. आपल्या दारात रोज दुपारी येणाऱ्या मुलीच्या हातात तिच्या घरचा डबा कशासाठी आहे, हे त्या आईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आठवड्यानं मी मैत्रिणीला हळूच विचारलं, “तुझी आई काही म्हणाली का गं, डब्याचं?”

“म्हणाली ना. पहिल्या दिवशी डब्ब्याकडे पाहिलं, अन् मशीनवरून उठलीच नाही थोडा वेळ. मग म्हणाली, आण वं इकडे, पाहू तुह्या आईनं काय दिलं. वांगं होतं. आईनं चाखलं अन् म्हणाली, तिखट कमी आहे, सांगजो तिले.”

“आणि मग?”

“मग आम्ही तिघींनी डब्बा खाल्ला. पण तो संपला ना, मॅडम, एकीचाच होता. मग आमची भाजी काढली. तीही तिघींनी खाल्ली. आता रोज तसंच.”

मुलीच्या आईनं दुसऱ्याच आठवड्यापासून पोळ्या वाढवून द्यायला सुरुवात केली. वडिलांनी एकदा सकाळी हटकलं, ही एकटी एवढं खाते काय म्हणून. “वाढतं अंग आहे पोरीचं,” आई म्हणाली आणि आणखी दोन पोळ्या दुमडून कोंबल्या. हे सगळं मुलीनं मला एका शनिवारी, बाक सरकवताना, हसत सांगितलं.

दिवाळीच्या आधी वडील इतवारीच्या बाजारात गेले आणि तीन मजली नवा स्टीलचा डबा घेऊन आले. कोणी मागितला नव्हता. जुन्यातून रस्सा सांडते, म्हणून आणला, असं ते म्हणाले. जुन्या डब्यातून कधी काही सांडलं नव्हतं. वर्गात कोणाचंही कच्चं कारण न सोडणाऱ्या त्या मुलीनं हे मात्र मान डोलावून ऐकून घेतलं, आणि डब्याचे तिन्ही मजले घासून पालथे घातले.